मुलांची चित्रे आणि मोठ्यांचा हात

सत्याचा विचार करावयास बसलो म्हणजे आपली दृष्टी सहसा दूर जाते. न्यायालयातील साक्ष, राजकारणातील अभिवचने, बाजारातील वजनमापे, हेच सत्यासत्याचे रणक्षेत्र, असा आपला समज असतो. घरातील लहानशा टेबलावर, रंगाची पेटी आणि खोडरबर यांच्यामध्ये, हाच प्रश्न दिवसाआड उभा राहत असतो, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. मूल चित्र काढीत असते, ते चुकते आहे असे आपणांस वाटते, आणि आपण त्याच्या हातातील पेन्सिल घेऊन म्हणतो, "थांब, मी नीट करून देतो." या साध्या वाक्यात नीतीचा काही प्रश्न आहे काय? पुष्कळांना ही शंकाच हास्यास्पद वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही ती तशीच वाटली असती.

त्याचे असे झाले. माझी कन्या त्या वेळी सात वर्षांची होती. तिच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, आणि 'माझे कुटुंब' या विषयावरील चित्र घरून काढून न्यावयाचे होते. माझे वडील वारून तेव्हा चार महिने झाले होते. शेवटची दोन वर्षे नातीला शाळेत पोहोचविण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले होते. दोघे एकमेकांचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जात असताना आम्ही खिडकीतून पाहत असू. कन्येने काढलेल्या चित्रात आई, बाप आणि धाकटा भाऊ ही मंडळी बोटाएवढी होती, आणि आजोबा मात्र निम्मा कागद व्यापून उभे होते. त्यांना पाय नव्हते. उजवा हात तेवढा होता, आणि तो त्यांच्या डोक्याहून मोठा होता. पाच बोटे सुपासारखी पसरलेली, आणि त्या बोटांत अडकलेली एक इवलीशी मुलगी.

मला चित्रकलेचे थोडेबहुत अंग आहे. शाळेत असताना एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी दिलेल्या आहेत. हनुवटीपासून कपाळावरील केसांपर्यंत जेवढा चेहरा, साधारणपणे तेवढाच हाताचा पंजा, हा नियम मला पाठ होता. मी खोडरबर घेतले, तो हात पुसला, त्या जागी प्रमाणशीर हात काढला, आजोबांना पाय दिले आणि पायांत वहाणाही दिल्या. कन्या बाजूला उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. तिचे मौन ही मी संमती समजलो. चित्रास पहिले बक्षीस मिळाले. चौकटीत बसवून ते आम्ही दिवाणखान्यात लावले. एके दिवशी आमचे एक स्नेही आले आणि चित्र पाहून त्यांनी मुलीची पाठ थोपटली. तेव्हा ती म्हणाली, "हे मी नाही काढलं. बाबांनी काढलंय." मी हसून म्हणालो, "पोरीच्या अंगी विनय फार आहे हो!" स्नेही हसले. ती हसली नाही.

त्या खोलीत त्या क्षणी खरे बोलणारी व्यक्ती एकच होती, आणि तिचे बोलणे मी थट्टेवारी नेले. चित्र सुधारणे योग्य की अयोग्य हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही गोष्ट अयोग्य होती याविषयी मला संशय नाही. पुढे विचार करता असे दिसून आले की, दुसरा अपराध हा पहिल्या अपराधाचेच अपत्य होता. ज्या वेळी मी तो हात पुसला, त्याच वेळी मी या असत्याची तयारी करून ठेवली होती.

माझ्यासारख्यांची ही समजूत आली कोठून, हे थोडे पाहिले पाहिजे. चित्रकला आपल्या शिक्षणात शिरली ती प्रामुख्याने कसब म्हणून. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाले, तेव्हा देशी कलाकुसर व कारागिरी सुधारावी हा हेतू पुढे होता. हाताला वळण आणि डोळ्याला माप लावणे हे या शिक्षणाचे ध्येय. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती अशा पायऱ्या त्यातूनच बांधल्या गेल्या, आणि महाराष्ट्रातील हजारो मुले आजही त्या चढतात. या शिक्षणाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मापाची शिस्त ही चांगली शिस्त आहे. परंतु तिच्याबरोबर एक कल्पनाही नकळत घरोघर गेली. ती ही की, मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली प्रत होय, आणि बिघडलेली वस्तू ज्याला दुरुस्त करता येते त्याने ती दुरुस्त करावी.

या कल्पनेला युरोपात पहिला मोठा धक्का बसला तो एका पावसामुळे, असे म्हणावयास हरकत नाही. कोर्राडो रिच्ची नावाचा इटालियन कलाभ्यासक बोलोन्या शहरात पावसातून आडोशाला म्हणून एका कमानीखाली उभा राहिला असता, भिंतीवर मुलांनी रेघाटलेली चित्रे त्याच्या दृष्टीस पडली. इतरांनी ज्याला घाण म्हटले असते ते तो निरखून पाहू लागला, आणि १८८७ साली त्याने बालकांच्या कलेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १८९७ साली व्हिएन्ना शहरी फ्रान्झ चिझेक याने मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग उघडला. तेथे नमुन्यावरून नक्कल करावयास लावण्याचा प्रघातच नव्हता. १९२७ साली ल्यूके या फ्रेंच विद्वानाने मुलांच्या रेखाटनावरील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही. त्याला जे ठाऊक असते ते काढते. घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसत नाहीत हे त्याला कळत नाही असे नव्हे. आत आजी आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून भिंत असूनही ते आजी दाखविते. ज्याचे महत्त्व अधिक, त्याचा आकारही पुष्कळदा अधिक.

हे वाचल्यावर आजोबांच्या त्या हाताकडे मी पुन्हा मनातल्या मनात पाहिले. ती प्रमाणाची चूक नव्हती. ते एक विधान होते. 'माझ्या आजोबांना मी हाताने ओळखते' असे ते विधान होते, आणि ते अक्षरशः खरे होते. पाय नव्हते, कारण पायांविषयी तिला काही सांगावयाचे नव्हते. मी काय केले? साक्षीदाराने दिलेली साक्ष मी खोडली, तिच्या जागी शरीरशास्त्रातील एक सर्वमान्य वाक्य लिहिले, आणि खाली नाव साक्षीदाराचेच राहू दिले. न्यायालयात या कृत्यास काय म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल, "मग मुलांना काही शिकवूच नये की काय? अनुकरणावाचून कोणती विद्या आली आहे?" हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो आपल्या घरातूनच येतो. ठिपक्यांची रांगोळी मुलगी आईचे पाहूनच शिकते. धुळाक्षरांपासून कित्त्यापर्यंत आपली सारी लेखनविद्या गिरविण्यावर उभी आहे. मग रांगोळीत जे चालते ते चित्रात का चालू नये? मला वाटते, या दोहोंमध्ये एक भेद आहे. कित्ता गिरविणारा मुलगा 'हे अक्षर मी निर्माण केले' असे म्हणत नाही; अक्षर सर्वांचे असते. कमळाची रांगोळीही सर्वांची असते. जे सर्वांचे आहे ते दुसऱ्यापासून घेण्यात लबाडी नाही. परंतु आजोबांचा हात सर्वांचा नव्हता. शिवाय रांगोळी शिकविणारी आई आपली रांगोळी आपण घालते आणि मुलीला शेजारी जागा देते. मुलीच्या रेघा पुसून तिथे आपल्या रेघा ओढीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींच्याही रांगोळ्या एकाच केरसुणीने जातात. अनुकरण हा दोष नव्हे. दुसऱ्याच्या जागेत शिरणे हा दोष होय.

तेव्हा शिकवावे, परंतु आपल्या कागदावर, एवढी मर्यादा सांगता येईल. रूसो याने १७६२ साली लिहिलेल्या 'एमील' या ग्रंथात जवळजवळ हेच सांगितले आहे. त्याच्या मते मुलाने छापील चित्रांवरून नव्हे तर प्रत्यक्ष वस्तूंवरून काढावयास शिकावे, आणि शिक्षकाने त्याच्या शेजारी बसून स्वतः काढावे. दोघांची चित्रे चौकटीत लावावीत. त्यात जे अगदी ओबडधोबड असेल त्याला सोनेरी चौकट द्यावी, आणि जे खरे उतरले असेल त्याला साधी काळी, कारण चांगल्या चित्रास शोभेची गरज नसते. चौकटींची ही युक्ती मला फार आवडते. परंतु रूसो आणखी एक पाऊल पुढे जातो, आणि तेथे माझे मन त्याच्याबरोबर जात नाही. शिक्षक निष्णात चित्रकार असला तरी त्याने मुलाइतकेच वाईट काढून दाखवावे, असे तो म्हणतो. हेतू प्रेमळ आहे. पण हेही सोंगच. मुलाला कमी लेखून त्याचे चित्र सुधारणे हे जसे असत्य, तसेच त्याला बरे वाटावे म्हणून आपला हात मोडका आहे असे भासविणे हेही असत्यच. मुलाशेजारी बसून आपणांस जसे येते तसे काढावे; अधिक चांगले नको आणि कमीही नको.

स्तुतीचेही असेच आहे. अलीकडे सुशिक्षित घरांतून मुलाचे चित्र पुसण्याची चाल कमी होत चालली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तिची जागा दुसऱ्या एका चालीने घेतली आहे. मूल कागद घेऊन येते, आपण हातातील यंत्रावरून नजर न काढताच "वा! छान!" असे म्हणतो. चार वेळा असे झाले म्हणजे मुलाला त्या 'छान'ची किंमत कळते. ज्याने पाहिलेच नाही त्याचे 'छान' आणि ज्याने पुसून टाकले त्याचे खोडरबर, यांत फरक आहे तो थोडा. दोघांनीही चित्र वाचलेले नसते. त्यापेक्षा "यात काय चाललं आहे ते मला सांग" एवढे म्हणून दोन मिनिटे ऐकणे अधिक प्रामाणिक. तो प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता, तर आजोबांच्या हाताची हकीकत मला कळली असती.

मुलांना आपल्या मनाप्रमाणे काढू द्या, एवढे म्हणूनही आपली सुटका होत नाही. दहाबारा वर्षांच्या सुमारास पुष्कळ मुलांना स्वतःच्याच चित्रांचा कंटाळा येतो. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. मूल विचारते, "हात खरा कसा काढायचा?" अशा वेळी 'तुझ्या मनाला येईल तसा काढ' असे सांगणे म्हणजे भुकेल्यास उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. त्या वेळी प्रमाण शिकवावे, छायाप्रकाश शिकवावा, त्याचाच डावा हात टेबलावर ठेवून तो निरखावयास लावावा. मदत मागितली असता न देणे हा निष्ठुरपणा आणि न मागता देणे हे आक्रमण. शिक्षकाचे सारे शहाणपण या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवर आहे. खुद्द चिझेकच्या वर्गातील चित्रांवरही, ती एकमेकांसारखी दिसतात, त्यांत गुरूच्या आवडीची छाप आहे, असा आक्षेप घेण्यात आला होता. हात मागे घेतला तरी आपली इच्छा पुढे सरकतेच. त्यामुळे निर्दोष राहण्याची प्रौढी कोणी मिरवू नये. सावध राहावे, इतकेच.

आता ज्या प्रकाराने हा प्रश्न घराबाहेर पडतो त्याकडे वळू. शाळांतून मुलांना 'प्रकल्प' म्हणून काही वस्तू करावयास सांगतात: किल्ला, ज्वालामुखी, सौरमंडल, खेड्यातील घर. हेतू उत्तम असतो. परंतु आदल्या रात्री दहा वाजता पुठ्ठा, डिंक आणि रंग यांच्या राड्यात कोण बसलेले असते? मूल झोपी गेलेले असते, आणि आईबाप बुरूज चिकटवीत असतात. सकाळी तो किल्ला मुलाच्या हातून शाळेत जातो. गुरुजी पाहतात आणि ओळखतात. मूल जाणते, बाकीची मुलेही जाणतात. प्रदर्शनात किल्ल्यापुढे मुलाच्या नावाची चिठ्ठी लागते, आणि तिच्याकडे पाहून सर्वजण संतोष मानतात. सर्वांना ठाऊक असलेले असत्य हे असत्यच नव्हे, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या समाजात आहे. तिचा पहिला धडा मूल या पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर शिकते. दुसऱ्याच्या श्रमाखाली आपले नाव शोभते, हे एकदा आठव्या वर्षी कळले म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी ते नव्याने शिकावे लागत नाही.

यावर आईबापांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः दिलेले आहे: "सर्वच आईबाप करतात. आम्हीच केले नाही तर आमचे मूल मागे पडेल." हे खरे आहे. ते मागे पडेल. त्याचा वाकडा बुरूज इतरांच्या सरळ बुरुजांशेजारी केविलवाणा दिसेल, बक्षीस दुसऱ्याला जाईल, आणि ते मूल रडतही घरी येईल. सत्याने वागले असता नुकसान होत नाही असे मुलांना सांगणे हे आणखी एक असत्य होय. नुकसान होते; ते सोसण्यासारखे असते एवढेच आपण सांगू शकतो, आणि तेही त्या दिवशी मुलाजवळ बसून. गुरुजींच्या हाती याहून सोपा उपाय आहे: जे करावयाचे ते वर्गातच करवून घ्यावे, आणि वाकड्या बुरुजाला प्रदर्शनात जागा द्यावी.

महात्मा गांधींच्या आत्मकथेत शाळेतील दोन गोष्टी आहेत. मला त्या नेहमी एकत्र आठवतात. राजकोटच्या शाळेत परीक्षक आले असता त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांपैकी 'केटल' हा शब्द मोहनदासाने चुकीचा लिहिला. गुरुजींनी बुटाच्या टोकाने खूण करून शेजारच्या मुलाच्या पाटीवरून उतरवून घेण्यास सुचविले. मुलाला ती सूचना कळलीच नाही, कारण नक्कल होऊ नये म्हणून गुरुजी तेथे आहेत अशी त्याची समजूत होती. इतर सर्वांचे शब्द बरोबर आले. एकटा हा वेडा ठरला. दुसरी गोष्ट त्यांच्या वाईट अक्षराची. त्याविषयी खेद करून ते असे मत देतात की, मुलांना अक्षरांच्या आधी चित्रकला शिकवावी. फूल वा पक्षी जसे पाहून काढावयाचे, तसेच अक्षरही पाहून काढावे. गुरुजींच्या बुटाचे टोक आणि माझे खोडरबर ही एकाच जातीची हत्यारे होत. वर्गाची शोभा राहावी म्हणून एकाने ते चालविले, घराची शोभा वाढावी म्हणून दुसऱ्याने. आणि चित्र आधी का शिकवावे, याचेही उत्तर मला येथे दिसते. जे आपण स्वतः पाहिले ते आपल्या हाताने मांडण्याची सवय ही सत्याची पहिली सवय होय. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी कलाशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी पुढे मुलांच्या कलेवर हिंदीत ग्रंथ लिहिला. सूत, शेती आणि सफाई यांच्या त्या शाळेत चित्रकलेला जागा असावी, यात विसंगती मुळीच नव्हती.

माझी कन्या आता मोठी झाली आहे. चित्रे काढणे तिने केव्हाच सोडले. त्याचे कारण माझे खोडरबर होय, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पुष्कळ मुले सोडतात, तशी तिनेही सोडली. घराला रंग देण्याच्या निमित्ताने ती चौकट खाली उतरविली, तेव्हा काच काढून मी कागद उजेडाकडे तिरपा धरला. पेन्सिल दाबून काढण्याची तिची लहानपणची सवय. शिसे पुसले गेले होते, पण कागदावरील वळ गेले नव्हते. माझ्या प्रमाणशीर हाताच्या भोवती तिची पाच बोटे स्पष्ट मोजता येत होती. मी तिला हाक मारून ते दाखविले, घडलेली हकीकत सांगितली आणि इतक्या वर्षांनी तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "बाबा, मला तर यातलं काही आठवतच नाही." मला क्षणभर हलके वाटले. मग तिने कागद आपल्या हाती घेतला, त्या वळांवरून बोट फिरविले, आणि विचारले, "आजोबांचा हात खरंच एवढा मोठा होता का हो?"

तिला आजोबा आता फारसे आठवत नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच सातव्या वर्षी लिहून ठेवले होते. ते तिच्यापाशी राहिले असते.